रामटेके साहेबांचे सव्वीस संशयित

माणसाचे वजन त्याच्या विचारांवरून ठरते, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्याला ही समजूत सोयीची असते. एका रविवारी सकाळी रामटेके साहेबांनी मला त्यांच्या व्हरांड्यातल्या वजनकाट्यावर उभे केले, वाकून आकडा वाचला आणि वहीत लिहिले : ‘प्रोफेसर. अडुसष्ट. चपलेसह.’ मग म्हणाले, "बसा मागं, डावीकडं. तुमच्या जागी तिवारीजी येत होते, पण ते मर्यादेच्या बाहेर गेले. लग्नसराई आहे ना."

माझ्या विचारांबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही.

रामटेके साहेब आमच्या अधारतालच्या कॉलनीत माझ्या शेजारी राहतात. मूळचे भंडाऱ्याकडचे. ट्रकांचे सुटे भाग जोडणाऱ्या एका कारखान्यात ते तीस वर्षे तपासनीस होते, म्हणजे इतरांनी केलेले काम नाकारणे हे त्यांचे काम होते. ते त्यांनी इतक्या निष्ठेने केले की निवृत्तीच्या समारंभात लोकांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते दुःखाचेच असेल याची मला खात्री नाही. एकदा नव्या ट्रकला झेंडी दाखवायला कोणी मोठे पाहुणे आले. बँड वाजला, नारळ फुटला, झेंडी हलली आणि ट्रक जागचा हलला नाही. वायपरचा एक स्क्रू ढिला होता आणि ट्रकची चावी रामटेके साहेबांच्या खिशात होती. पाहुण्यांनी झेंडी आणखी दोनदा हलवली. साहेबांनी स्क्रू आवळला, वहीत नोंद केली आणि मगच चावी दिली.

त्यांची सर्वोच्च पसंती एकाच शब्दात असते : मर्यादेत. त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, भाजी उत्तम झाली की ते म्हणतात, "आज मीठ मर्यादेत आहे." लग्नाच्या हॉलमध्ये वर-वधूला आशीर्वाद देताना त्यांची नजर वर असते. "तिसऱ्या पंख्याचं बेअरिंग गेलं," हे त्यांनी माझ्या भाच्याला लग्नाच्या स्टेजवर सांगितलेले पहिले वाक्य. दुसरे नव्हतेच.

अशा माणसाची स्वतःची गाडी आजारी पडली.

गाडी डिझेलवर चालणारी, जुनी, राखाडी. साहेबांनी तिला पोरीसारखे नाही, पण चांगल्या हाताखालच्या माणसासारखे वागवले होते. ती अचानक ओढेनाशी झाली. सुरू व्हायची झटक्यात, आवाज गोड, पण चाळीसच्या वर काटा जाईना आणि चढावर दम जाई. दुसरा कोणी असता तर मिस्त्रीकडे गेला असता. साहेबांनी नवीन वही आणली.

वहीत सव्वीस संशयित होते. पहिला एअर फिल्टर, मग डिझेल फिल्टर, मग नळीत हवा शिरणे, पुढे इंजेक्टर, पंप, क्लच, घासणारे ब्रेक, तुंबलेला सायलेन्सर. नियम एकच : "एका टायमाले एकच बदल." एक भाग तपासायचा आणि रविवारी सकाळी सातला पुलाच्या चढावर चाचणी घ्यायची. पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचे. भार दर वेळी तोच हवा, म्हणून कॉलनीतले तिवारीजी, आणि ते बाद झाल्यावर मी.

भार म्हणून बसण्याखेरीज माझ्याकडे आणखी एक काम होते. मागे वळून धूर पाहायचा.

"निरीक्षण सांगा, प्रोफेसर."

"धूर दिसत नाही."

"दिसत नाही, की नाही आहे?"

या प्रश्नावर माझ्या विषयात जाड जाड पुस्तके लिहिली गेली आहेत, पण चढावर मागून टेंपो हॉर्न वाजवत असताना ती आठवत नाहीत. "नाही आहे," मी म्हणालो.

"काळा नाही, पांढरा नाही," ते स्वतःशीच म्हणाले, "म्हणजे डिझेल जाते तेवढं सगळं नीट जळून राहिलं. कमीच जाते." आणि गिअर खाली टाकला. मला वाटले, आता काही तरी निष्कर्ष निघेल. पुढच्या रविवारी त्यांनी क्लच काढला.

असे जवळजवळ वर्ष गेले. कॉलनीत पैजा लागत. तिवारीजींचा रोख पंपावर होता. मी उत्सुकतेने गुरफटत गेलो, हे कबूल करतो. आपल्याला काही कळत नाही अशा गोष्टीची माहिती दर आठवड्याला थोडी थोडी मिळत गेली की माणूस स्वतःला तज्ज्ञ समजू लागतो.

त्या तज्ज्ञपणातच एका दुपारी मी साहेबांकडे गेलो. ते सदर बाजारात कसलासा वॉशर शोधायला गेले होते. काकू पोळ्या लाटत होत्या आणि पोळपाट दर फिरकीला टकटक वाजत होता. मी साहेबांच्या आवाजात म्हणालो, "काकू, पोळपाटाचा एक पाय मर्यादेत नाही."

काकूंचे लाटणे थांबले. त्यांनी आधी फाटकाकडे पाहिले.

"भाऊ, कोनाले सांगू नका. तो पाय गाडीत आहे."

"गाडीत?"

"रेस द्यायचं पेडल आहे ना, त्याच्या खाली. पायाखालच्या रबरी पायदानाच्या आत ठेवला म्या. पूर्ण दबलंच नाही पाहिजे."

सव्वीस संशयितांच्या यादीत गृहिणी नव्हती.

"मागच्या हिवाळ्यात पनागरहून येऊन राहिलो होतो, पोरीकडून," काकू सांगू लागल्या. "डाव्या हाताले एक सायकलवाला होता, गोभी घेऊन. यायले दिसलाच नाही. इतक्या जवळून गाडी गेली का तो नालीत गेला. लागलं नाही त्याले, उठून शिव्या देत होता, म्या मागं वळून पाहिलं. आन् हे म्हनते कसे, आज रस्ता एकदम मोकळा आहे."

"मग डोळे तपासायला सांगायचे."

"सांगितलं ना. तर म्हने, चश्मा मर्यादेत आहे."

"आणि गाडी सोडा म्हणून?"

"सोडली असती त्यायनं. माह्या शब्दाबाहेर नाही ते." काकूंनी पोळी उलटली. "पन मग दिवसभर घरात बसून मले तपासलं असतं." त्या हसल्या, आणि लगेच हसू पुसल्यासारखे तोंडावरून पदर फिरवला. "कारखाना गेला तवा दोन महिने बोलले नाही, भाऊ. आता ही गाडी गेली, तर त्यायचं राहते काय? हळू चालली का समोरचं दिसते त्यायले. येळ भेटते."

मी शब्द दिला. तो देताना माझ्या ध्यानात आले नव्हते की यादीतला शेवटचा, सव्विसावा संशयित आहे ॲक्सिलरेटर पेडल. आणि साहेब तेव्हा एकोणिसाव्यावर होते.

त्यानंतरचे रविवार मी फार वाईट काढले. मी गाडीतला भार राहिलो नाही, अडथळा झालो. विसाव्याच्या वेळी मला सर्दी झाली. एकविसाव्याला कॉलेजात तपासणी निघाली. बाविसाव्यापाशी मी सुचवले, "साहेब, टाकीच्या झाकणाला छिद्र असतं ना? ते बुजलं असेल तर?" हे मी कुठून आणले ते मलाच माहीत नाही, पण साहेबांनी आयुष्यात प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिले. झाकणात तीन आठवडे गेले. माझ्या साऱ्या प्रकाशित लेखनापेक्षा या सूचनेचा समाजाला अधिक उपयोग झाला असे मला वाटते.

मग सायलेन्सर परत बसवायला रफीक मिस्त्री आला आणि सगळे जवळजवळ संपले. त्याने इंजिन सुरू केले, डोके तिरके करून ऐकले आणि बंद केले.

"साहब, इंजन में कुछ नहीं है. मक्खन है. एक बार पेडल देख लूँ? हम लोग तो सबसे पहले वही देखते हैं."

काकू चहा घेऊन येत होत्या. त्या ट्रे घेऊन गाडीच्या दारापाशीच उभ्या राहिल्या.

"पेडल छब्बीस नंबर पर है," साहेब म्हणाले.

"दो मिनट का काम है, साहब."

"क्रम तोडा तो जाँच नहीं रहती, मिस्त्री. अंदाज हो जाता है."

रफीकने माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. शिस्तीचा असला अतिरेक मी इतिहासात पुष्कळ वाचला होता. त्यापायी बरीच राज्ये बुडाली आहेत. त्या दिवशी मात्र मी त्या अतिरेकाचे मनोमन आभार मानले. काकूंनी रफीकला दोन बिस्किटे जास्त दिली.

सव्विसाव्याचा रविवार टळण्यासारखा नव्हता. साहेबांनी सकाळीच आज चाचणी नाही असे जाहीर केले, गाडीचे दार उघडले, टॉर्च घेतला आणि वही माझ्या हातात दिली. "तुम्ही लिहा." काकू फाटकापाशी तुळशीला पाणी घालत होत्या. कुंडी भरून पाणी पायावर आले तरी घालत होत्या.

साहेब गुडघे टेकून आत वाकले. पायदान उचलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसती खुडबुड. मी तोंडाला येईल ते बोलू लागलो. हवा, परीक्षा, मटाराचा भाव.

ते बाहेर आले, हात पुसले आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिहा. क्रमांक सव्वीस. ॲक्सिलरेटर पेडल. पूर्ण दबते. दोष नाही."

मी पेन धरून नुसता उभा राहिलो.

"काहून थांबले? लिहा ना. दोष नाही."

मी लिहिले. फाटकापाशी पाणी पडायचे थांबले आणि काकू घरात गेल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर साहेबांनी खिशातून एक पेचकस काढून माझ्या हातात ठेवला.

"याले आत ठेवा गाडीच्या हत्यारात. स्क्रू पुन्हा आवळला."

"कसला स्क्रू?"

"पोळपाटाच्या पायाचा." ते माझ्याकडे न बघता वहीच्या समासातल्या रेघा तपासत होते. "तिनं नुसता ठेवला होता, प्रोफेसर. सरकून राहिला होता. ब्रेकच्या खाली गेला असता म्हणजे? पहिल्याच हप्त्यात मी त्याले स्क्रू मारला. साला दर दोन महिन्यांत ढिला होते."

वर्षभराची फेऱ्यांची, खांबांची, माझ्या अडुसष्ट किलोंची आठवण झाली. "मग हे सगळं कशाला, साहेब? क्लच, इंजेक्टर, झाकण?"

"शोधणं बंद केलं का तिले समजन, मले समजलं म्हणून. मग तो पाय काढून टाकन." त्यांनी हात पुन्हा पुसले. "चाळीसच्या आत मले सगळं दिसते." हे वाक्य त्यांनी ‘मर्यादेत’ हा शब्द न वापरता म्हटले, आणि लगेच रागावल्यासारखे म्हणाले, "वही द्या इकडं."

त्यांनी माझ्या अक्षराखाली स्वतःच्या हाताने सही केली. मग पान उलटले आणि वर शीर्षक लिहिले : ‘यादी दुसरी.’ अशा रीतीने एका घरातली दोन गुपिते माझ्याकडे आली. इतिहासाच्या प्राध्यापकावर एवढा विश्वास क्वचितच कोणी टाकते.

पुढच्या रविवारी ते पनागरला मुलीकडे निघाले आणि मलाही घेऊन गेले. काकू पुढे बसल्या होत्या, मांडीवर डबा.

"काही सापडलं का हो?" त्यांनी विचारले.

"नाही. तपास चालू आहे."

"सापडन," काकू म्हणाल्या आणि डाव्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या. "सायकलवाला आहे पुढं."

"दिसला."

पुढच्या चढावर एका ट्रॅक्टरने आम्हाला ओलांडले. त्याची ट्रॉली मटाराच्या पोत्यांनी भरलेली होती.