हवेला पडलेले खड्डे

उडत्या गाड्या सुरू झाल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी शहरावरच्या हवेला खड्डे पडले.

यात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. एकाच जागेवरून रोज इतक्या जड गाड्या जायला लागल्या तर काहीही झिजणारच. गाडी खड्ड्यात गेली की मजलाभर खाली आदळायची, आतल्या माणसाच्या हातातला चहा छताला लागायचा, आणि गाडी कण्हत पुन्हा वर यायची. कबुतरं खड्डे ओळखून वळसा घालत. गाडीवाल्यांना ते जमलं नाही. एवढी गाडी घेतल्यावर वळसा घालणं त्यांना कमीपणाचं वाटे.

मुळात या गाड्या हलक्या होत्या. कंपनीने त्या बिनचाकी बनवल्या होत्या. पण नवी गाडी दुकानातून बाहेर काढायची तर चाकांखाली लिंबं फोडावी लागतात, आणि चाकंच नाहीत म्हटल्यावर पहिल्या दसऱ्याला एकही गाडी खपली नाही. तेव्हा कंपनीने लिंबांसाठी चार चाकं बसवली. चाकं पेलायला लोखंडी सांगाडा आला, सांगाडा उचलायला दुप्पट पंखे आले, पंख्यांना दुप्पट वीज आली. लिंबं फुटली आणि गाड्या उडाल्या. एका दमात त्या चार-पाच किलोमीटर जात, मग दुपारभर चार्जिंगला बसत. ती वीज ज्या कोळशावर तयार होई त्याचा धूर नेमका गाड्यांच्याच उंचीवर तरंगे, म्हणून दिवसाही दिवे लावावे लागत, आणि दिव्यांना आणखी वीज लागे. गाडीच्या मागच्या काचेवर कंपनीने एक हिरवं पान रंगवलेलं होतं.

खड्डे बुजवण्यासाठी हवा दुरुस्ती विभाग निघाला. विभागाने पहिल्यांदा खड्ड्यांत धूर भरून पाहिला, कारण तो हाताशी होता. तो टिकला नाही. मग धुकं भरलं, ते उन्हं वर येताच उडालं. शेवटी ठरलं की खड्ड्यात वाराच भरायला हवा, आणि तोही कोरडा, डोंगरावर कसलेला. तसा वारा धुळकवाडीच्या खिंडीत होता.

त्या वाऱ्यावर इंदुमती जमदाडे यांचा बेदाणा वाळत असे.

इंदुकाकूंचं काम साधं होतं. द्राक्षं औषधाच्या पाण्यातून काढायची, शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरायची, आणि पुढचं वाऱ्यावर सोडून द्यायचं. पंधरवडाभर खिंडीतून कोरडा वारा आला की मणी सुरकुततात आणि त्यांना हिरवी-सोनेरी झाक येते. वारा पडला तर ते काळे पडतात, चिकटतात, बुरशी धरतात. वर्षाची सगळी बाग एकदमच जाळीवर चढलेली असते. ती गेली की वर्ष गेलं.

यंदा द्राक्षं पसरली आणि दुसऱ्या दिवशी टँकर आले. खिंडीच्या तोंडाशी विभागाने मोठी ताडपत्री नरसाळ्यासारखी ताणली आणि वारा भरायला सुरुवात केली. टँकरवर लिहिलं होतं, ‘वारा. पिण्यासाठी नाही.’

याला गावाची संमती होती. ग्रामसभेत सरपंच धनाजी हाक्के यांनी सांगितलं होतं की आपला वारा नाहीतरी फुकटच चालला आहे, तो शहरात गेला तर गावाचं नाव होईल. सगळ्यांनी हात वर केले. इंदुकाकूंनीही केला. सगळ्यांचे हात वर असताना आपला तेवढा मांडीवर ठेवून बसणं बरं दिसलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दारातल्या कडुलिंबाचं पान हलेना. काकूंनी जाळीवरचा एक मणी दाबून पाहिला आणि तशाच खिंडीत गेल्या. तिथे विभागाचे उपअभियंता मेढेकर खुर्ची टाकून बसले होते.

“सायेब, माझा वारा परत कधी मिळायचा?”

“काकू, वारा कुणाचा नसतो.”

“मग कुणाला विचारून भरताय?”

“ग्रामसभेला.”

मेढेकरांनी काकूंना समजावलं की श्वासापुरती हवा गावाकडेच ठेवली आहे, ती फक्त हलणार नाही. पर्यावरणाची पाहणीही रीतसर झाली होती आणि एकाही पक्ष्याची लेखी हरकत आलेली नव्हती.

“तुमी हितं त्या उडत्या गाडीनंच आलासा?” काकूंनी विचारलं.

“जीपने आलो. उडत्या गाडीला घाट सोसत नाही.”

“मग ती जाती तरी कुठं?”

“शहरातल्या शहरात. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर.”

“आन् तितं काय असतं?”

मेढेकर विचार करून म्हणाले, “पार्किंग.”

तरी विभाग माणुसकी सोडून वागणारा नव्हता. जिथला वारा नेला तिथे पर्यायी वारा द्यायचा, असा नियमच होता. दोन दिवसांनी काकूंच्या दारात ट्रक उभा राहिला आणि ट्रकवरून एक उडती गाडी उतरली. तिला हार घातलेला होता. सरपंचांनी नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि गाडी हातभर ढकलून ती लिंबं फोडून घेतली. चाकांचा तेवढाच उपयोग झाला.

पहिल्यांदा तिला शेडवर तरंगवून पाहिलं. वरून वारा आला तो खरा, पण त्याबरोबर पत्रेही निघाले. तेव्हा ती खाली घेतली, आडवी केली आणि पंखे जाळ्यांकडे वळवले. पंखे फिरायला लागले की ती उडायला बघे. म्हणून काकूंनी म्हशीचं दावं सोडून गाडीला लावलं आणि म्हशीच्याच खुंट्याला ती बांधली. म्हैस बाजूला उभी राहून बघत राहिली. गावात दिवसाची वीज नसल्यामुळे गाडी चालवायला डिझेलचा जनरेटर आला. एका अंगाने धूर आणि दुसऱ्या अंगाने वारा, अशी सोय झाली.

गाडीबरोबर पायलट होता. तो उड्डाण शिकून आलेला होता. गणवेश घालून, पट्टा बांधून, आडव्या गाडीत आडवाच बसून तो समोर नजर लावून असे. काकू त्याला खिडकीतून चहा देत आणि सांगत, “जरा तिसऱ्या जाळीकडं तोंड करा, पायलट.” तो आरशात मागे बघून तोंड करी.

मणी सुरकुतायला लागले. त्यांना डिझेलचा वास होता, पण काळा एकही पडला नाही. निम्मा माल होत आला, आणि एक दिवस मेढेकर आले ते आकाशाकडे बघतच. शेडवरून एक कावळा चालला होता. मध्येच तो हातभर खाली गेला, ओरडला, आणि वर येऊन पुढे निघाला.

“काकू, तुमच्यावर खड्डा पडलाय.”

“मग भरा की.”

“भरायलाच हवा. खड्ड्याखाली गाडी चालू ठेवायची परवानगी नाही. पण त्याला वारा लागेल. जवळचा म्हणजे पळसमाळचा.”

पळसमाळला काकूंची लेक सारिका दिलेली होती. तिने कालच आपली द्राक्षं जाळीवर चढवली होती.

काकूंनी शेडकडे पाहिलं. निम्म्या जाळ्या अजून ओल्या होत्या.

त्याच संध्याकाळी ग्रामसभा भरली. पळसमाळचा वारा आपल्या गावी यावा असा ठराव सरपंचांनी मांडला आणि हा गावाचा मान आहे असं सांगितलं. हात वर झाले. इंदुकाकू काही वेळ मांडीवरच्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो वर केला.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग म्हणाल्या, “सारे, दारात खुंटा आहे का गं? न्हाई तर एक ठोकून घे. जरा खोल ठोक. दावं मी पाठवून देते.”

“म्हैस देतेस व्हय, आई?”

“म्हैस न्हवं. म्हशीपेक्षा जास्त खाती आन् दूध देत न्हाई. पण बांधली की ऱ्हाती उभी.”

फोन ठेवून त्या बाहेर आल्या. पायलट पट्टा बांधून समोर बघत बसला होता. काकूंनी दाव्याची गाठ ओढून पाहिली आणि गाडीच्या पुढ्यात पडलेली वैरण उचलून म्हशीला घातली.