उत्साहाचा रकाना

अमेरिकेतले गोरे आपसांत लढायला लागले आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं अमरावतीत कोणी विचारलं नाही; भाव चढता असताना असले प्रश्न विचारायचे नसतात. मुंबईहून दलाल आले, दलालांमागे मुनीम आले, मुनिमांमागे हलवाई आणि अत्तरवाले आले. शहराभोवतीच्या परकोटाच्या आत पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या सुमारास एक मोठा साहेब हे वऱ्हाडातलं सगळ्यांत मोठं शहर पाहून गेला आणि त्याने वर अहवाल पाठवला. अहवालाची शेवटची ओळ अशी होती : ‘शहरात कापूस मुबलक आहे, रहिवाशांत शहराविषयी उत्साह मात्र आढळला नाही.’

पाणी आढळलं नाही असं कळवलं, तर सरकार चौकशी करतं. उत्साह आढळला नाही म्हटल्यावर मात्र लगोलग ‘नगर-उत्साह-वर्धक कमिटी’ नेमण्यात आली. चिटणीस म्हणून बापूसाहेब वकिलांची निवड झाली. ते पुण्याहून येऊन सातच महिने झाले होते, आणि शहराबद्दल चांगलं बोलणारा जुना माणूस शोधूनही सापडला नव्हता.

कमिटीने एक मोठी वही केली. नाव, वय, शहरात राहण्याची मुदत आणि शेवटी उत्साह, असे तिचे रकाने होते. उत्साहाचे दर्जे तीन : उत्तम, मध्यम आणि निरुत्साही. जो इसम लागोपाठ तीन तपासण्यांत निरुत्साही ठरेल त्याला परकोटाबाहेर काढावं आणि त्याचं घर उत्साही इसमास द्यावं, असा ठराव झाला. पहिल्याच तपासणीत सगळे दलाल ‘उत्तम’ ठरले. त्यांना कापसाच्या गाठी ठेवायला जागा कमी पडत होती, हा निव्वळ योगायोग समजावा.

खुशालराव परकोटाच्या एका खिडकीला लागूनच राहत. खिडकी म्हणजे परकोटातला लहान दरवाजा. माणूस सुखाने जावा आणि बैलगाडी हमखास अडकावी, एवढा. वय छप्पन्न. बाहेर बारा एकर काळी जमीन, आत तीन खणांचं घर, आणि या घरातली ही चौथी पिढी. सकाळी शेतावर जाण्याआधी ते खिडकीच्या पायरीवर बसत, तंबाखू मळत आणि तासभर अमरावतीला शिव्या घालत. हा त्यांचा नेम पावसापाण्यातही चुकला नव्हता.

बापूसाहेब वही घेऊन आले तेव्हा खुशालराव पायरीवरच होते.

“आपलं या शहराविषयी मत काय?” बापूसाहेबांनी विचारलं.

“फालतू गाव हाय, बाप्पा.”

“बरं. रस्ते?”

“रस्ते कुठी हायेत? दोन भिंतीच्या मधात जे धूळ उरते, त्याले आमी रस्ता म्हनतो.”

“लोक कसे आहेत?”

“एकापरीस एक. ज्याले कोनी पोरगी देत नाई, तो अठी येऊन दलाल होते.”

“मग आपण इथे का राहता?”

खुशालरावांना हा प्रश्नच कळला नाही. “मंग कुठी राहू?” ते म्हणाले.

बापूसाहेबांनी रकान्यात ‘निरुत्साही’ असं लिहिलं आणि खाली सही घेतली.

घरी गोदाबाईंनी हे ऐकलं आणि हातातली भाकर परातीतच ठेवली. “आवो, त्याले दोन शब्द चांगले सांगतले असते तं काय जीभ झडली असती?”

“आपल्याच गावाले आपल्याच तोंडानं चांगलं म्हनू? नजर लागन ना!”

मुद्दा बिनतोड होता. पुण्याच्या माणसाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण वऱ्हाडात आपल्या वस्तूला चांगलं म्हणायची चाल नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेएवढी वाढलेली असली तरी शेतकरी म्हणतो, यंदा काही खरं नाही. चार शेर दूध देणारी म्हैस विचारणाऱ्यापुढे दीड शेरावर येते, तेही पानचट. खुद्द गोदाबाईंनी थोरल्या मुलाचं नाव धोंड्या ठेवलं होतं आणि तो गोरापान होता. तारीफ करायची ती दुसऱ्याच्या वस्तूची. नाहीतर जी विकायला काढली असेल तिची. रुईच्या बाजारात जो जास्त तारीफ करतो त्याच्या गाठीत हात घालून बघावा, हे तिथली लहान पोरंही जाणतात.

कमिटीत मात्र रुई विकणारेच बसलेले असल्याने हा विचार तिथे निघाला नाही. निरुत्साही लोकांना शहर पुन्हा नव्याने दाखवावं, म्हणजे त्यांचा गेलेला उत्साह परत येईल, असं ठरलं. शहर नव्याने दिसायचं तर माणूस नवा हवा. म्हणून दर गुरुवारी जुन्या रहिवाशांना एका दरवाजाने बाहेर काढून दुसऱ्याने आत घेण्यात येऊ लागलं. दरवाजावर शिपाई विचारी, “कुठून आला?” उत्तर द्यायचं, “अमरावतीहून.” “कुठे चालला?” “अमरावतीला.” तीन जणांनी वेगळी उत्तरं दिली, त्यांना दोन गुरुवार बाहेरच थांबावं लागलं.

आत आल्यावर बापूसाहेब स्वतः स्थळं दाखवीत. एकूण नऊ स्थळं होती आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ चकित व्हायचं ते ठरवून दिलेलं होतं. पाचवं स्थळ होती खुशालरावांच्या घरामागची विहीर.

“ही विहीर,” बापूसाहेब म्हणाले, “सुमारे साठ वर्षांपूर्वी कोणा अज्ञात इसमाने खोदविली.”

“अज्ञात कायचा?” खुशालराव ओरडले. “माया आजा होता तो! अन् खोदतानी त्याचा पाय मोडला. मेला तवापर्यंत लंगडून राहिला होता बिचारा!”

“कागदात तसा उल्लेख नाही.”

“कागद लंगडला का माया आजा?”

‘सदर इसमाने स्थळदर्शनात व्यत्यय आणला, विहिरीविषयी विस्मय दाखविला नाही, आजोबांविषयी निराधार विधान केले,’ अशी नोंद झाली. रकान्यात दुसऱ्यांदा ‘निरुत्साही’ पडलं.

तिसरी तपासणी आठ दिवसांवर आली. एक दलाल दोरी घेऊन घरात शिरला, आणि चुलीची जागा धरून किती गाठी बसतील ते मोजून गेला. जाताना गोदाबाईंना म्हणाला की घर फार छान आहे. गोदाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

“येक डाव म्हना,” त्या रडत म्हणाल्या. “मी मांगं मीठ-मोहऱ्या घेऊन उभी रायतो. तुमी गावाले चांगलं म्हनलं का मी लगेच गावाची नजर उतरवून टाकतो. पन हे घर गेलं तं मी मरून जाईन.”

खुशालरावांनी कबूल केलं. त्यांचाही जीव त्या तीन खणांत अडकला होता. सांगायची सोय नव्हती इतकंच. रोज शेतात जाऊन ते पऱ्हाटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “अमरावती लय सुंदर…” आणि तिथेच त्यांना ठसका लागे.

तपासणीच्या दिवशी सकाळी बापूसाहेब वही उघडून उभे राहिले. गोदाबाई दारात मीठ-मोहऱ्यांची मूठ घेऊन उभ्या होत्या. खुशालरावांनी तोंड उघडलं. “अमरावती शहर हे…” त्यांनी कपाळाचा घाम पुसला. “हे शहर… लय…”

नेमकी त्याच वेळी खिडकीत एक गाडी अडकली. गाडीवान अकोल्याचा होता, नत्थुजी नावाचा. बैल ओढेनात, चाक सुटेना, मागून लोक बोंबलायला लागले. नत्थुजींनी जू धरल्या धरल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “काय दलिंदर गाव हाय! धड दरवाजा नाई. नदीबी नाई, नाला हाय! आमच्या अकोल्याले या. आगगाडी अकोल्याले येऊन राहिली. तुमचं गाव पाह्यलं अन् तिनं बडनेऱ्यावरून वळसा घेतला!”

खुशालराव पायरीवरून उठले.

“कोनाच्या गावाले बोलून राहिला तू? अकोल्याच्या मानसानं नदीचं नाव काढू नये! उन्हाळ्यात मोर्णेत म्हैस बसली तं म्हशीचं पोटसुदा भिजत नाई. अन् दरवाजे? तुमच्या गावात चोराले दरवाजा लागत नाई, तो घरचाच असते! अरे, देवाले रुक्मिनी पळवाची होती तवा तो कुठी आला? अठी, अंबादेवीले आला! अकोल्याले गेला का? आगगाडी तं लोखंडाची हाय, तिले काय अक्कल? पन देवानं रस्ता नाई चुकवला!”

हे अर्धा तास चाललं. त्यात परकोटाची उंची, अंबादेवीचा दिवा, इथल्या तुरीची चव आणि आज्याची विहीर मोडलेल्या पायासकट येऊन गेली. बापूसाहेबांची शाई संपली. त्यांनी रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं आणि शेवटी कधी नव्हे ते उद्गारचिन्ह काढलं.

घर वाचलं. पण कमिटीला एकदा उपाय सापडला, की तो सगळ्यांना लागू करावा लागतो. रहिवाशांत उत्साह आहे; त्याला फक्त अकोल्याचा माणूस लागतो, असं बापूसाहेबांनी वर लिहून पाठवलं. प्रत्येक मोहल्ल्यात एक याप्रमाणे ‘शहर-निंदक, अकोलेकर, दुय्यम दर्जा’ अशी पदं मंजूर झाली. नत्थुजींची नेमणूक खुशालरावांच्याच पायरीवर झाली. तेव्हा अकोल्यात निघालेल्या तशाच कमिटीची हरकत आली. आमची माणसं तुम्ही नेलीत, मग आमच्या लोकांच्या उत्साहाचं काय? मोबदल्यात एक पारखलेला अमरावतीकर पाठवावा. पारखलेली जीभ दफ्तरी एकच होती.

“जाता येनार नाई म्हनतो मी,” खुशालराव म्हणाले.

“हरकत नाही,” बापूसाहेब म्हणाले. “परंतु जो इसम अमरावतीसाठी अकोल्यास जात नाही, त्याचा अमरावतीविषयीचा उत्साह कमिटीला पुन्हा तपासावा लागेल.”

खुशालराव गेले. गोदाबाई घर राखायला मागे राहिल्या.

अकोल्यात त्यांना मोर्णेकाठी जागा मिळाली. सूर्योदयापासून दहापर्यंत आणि चारपासून दिवे लागेतो अकोल्याला नावं ठेवायची, असं काम होतं. पहिल्या महिन्यात लोक धावून आले, नदीची आणि असदगड किल्ल्याची थोरवी त्यांनी तावातावाने सांगितली, आणि तिथल्या वहीत ‘उत्तम’च्या ओळी लागल्या. पण खुशालराव हाती घेतलेलं काम चोख करणारे. नावं ठेवायची तर माहिती पाहिजे, म्हणून ते गल्लीगल्लीत फिरले. कोणती विहीर खारी, कोणाची भिंत पोटातून फुगली, कुठला शिपाई कुठल्या ओट्यावर झोपतो, हे त्यांना पाठ झालं. चौथ्या महिन्यात लोक रागवायचे थांबले आणि माना डोलवायला लागले. सहाव्या महिन्यात ते शेजारी येऊन बसले आणि राहून गेलेले दोष सांगू लागले. नदीवर भाजी विकणाऱ्या पार्वताबाईंनी एक दिवस त्यांच्यापुढे भाकर आणि झुणका ठेवला.

“बाहेरचा मानूस इतकं जीव लावून बोलत नाई, भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमी आमच्यातलेच हाय.”

खुशालरावांनी भाकर खाल्ली, आणि झुणक्यात मीठ जास्त झालं म्हणून सांगितलं.

वर्ष संपता संपता अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापूस आपटला. अमरावतीतले ‘उत्तम’ दर्जाचे रहिवासी एका आठवड्यात गाठी बांधून निघून गेले, वहीत त्यांच्या नावापुढे ‘उत्साही, हल्ली मुक्काम मुंबई’ अशी दुरुस्ती झाली. घरं हवी तेवढी रिकामी पडली. अकोल्याने खुशालरावांना परत पाठवलं, कारण त्यांच्यामुळे तिथला उत्साह साफ खाली आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी अमरावतीला पोचली. गोदाबाई खिडकीपाशी केव्हाच्या उभ्या होत्या. बापूसाहेबही वही घेऊन आले होते. ‘उत्तम’ शेरा मिळालेला एवढा एकच रहिवासी कमिटीच्या हाती उरला होता. खुशालराव गाडीतून उतरले. परकोटावर कोवळं ऊन पडलं होतं. त्यांनी वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“वा!” ते म्हणाले. “काय देखनं गाव हाय! केवढा परकोट! रस्ते किती मोकळे, मानसं किती गोड! असं शहर अख्ख्या वऱ्हाडात नाई, बाप्पा!”

एकदाही ठसका लागला नाही. बापूसाहेबांनी ‘उत्तम’ लिहिलं आणि घर कायमचं त्यांच्या नावे राहील असं जागीच जाहीर केलं. पायरीवर बसून तंबाखू मळणारे नत्थुजी तेवढे फणकारले. “कायचं देखनं? चार दिवस राहून पाहा, पाहुने, मंग बोला. या गावाचं काई खरं नाई.”

दुसऱ्याच्या वस्तूचीच अशी तारीफ करतात, हे गोदाबाईंना कोणी सांगावं लागलं नाही. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाहुण्याशी बोलावं तशा हळू आवाजात विचारलं, “गूळ-पानी घेता ना? अन् अकोल्याले वापस कवा निंगता?”

खुशालरावांचं उत्तर वहीत नाही, कारण त्याला रकाना नव्हता. कमिटी पुढे बरखास्त झाली, पण तिचं काम थांबलेलं नाही. आपण ज्या शहरात राहता त्याच्याबद्दल, वाचकहो, आपण हल्ली पाहुण्यारावळ्यांत फार भरभरून बोलता, असं ऐकतो. बोला. फक्त संध्याकाळी घरी गेल्यावर दार उघडणाऱ्या माणसाचा चेहरा एकदा नीट बघा.