सुभद्रा आत्याचा हिशोब

"रात धरली नाई तुमी!"

दवाखान्याच्या खिडकीतून आत्याचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत आला. कंपाउंडरने "ताप किती दिवस?" असं विचारलं होतं. आत्याने "सहा" सांगितलं. मागून माझे बाबा म्हणाले, "आक्का, तीनच झाले." त्यावर आत्या उसळली, "तीन दिस अन् तीन राती. राती काय मी थंड पडली होती?"

सुभद्रा आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तेलुगू मुलखातल्या आमच्या भैंसा गावच्या बाजारात भाजी विकते. ती दिवस वेगळा मोजते आणि रात्र वेगळी. तिच्या मते जेलमध्ये असंच धरतात, म्हणून चौदा वर्षांची जन्मठेप सातच वर्षांत फिटते. तिचे यजमान (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात) जन्मठेपेत आहेत. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून शेजारचा माणूस गेला.

हा हिशोब ती सगळीकडे लावते. मी एकवीस वर्षांची, पण तिच्या लेखी बेचाळीस. "एवढी घोडी झाली, तोंडातून शब्द निंगत नाई!" एकदा गिऱ्हाइकाने तिलाच पकडलं. "बाई, मेथी कालची आहे. तुमच्या हिशोबानं दोन दिवसांची झाली." आत्याने जुडी पुढे सरकवली. "भाजीले जेलचा कायदा लागत नाई. घ्या."

शब्द निंगत नाही हे मात्र खरं. इंग्रजी शाळेत माझं "प्रेझेंट मिस" मिसपर्यंत पोचायचंच नाही. एकदा महिनाभर रोज वर्गात बसून मी गैरहजर राहिले. आत्याच्या हिशोबाने दोन महिने.

तरीही घरातला इंग्रजी कागद माझ्याकडेच यायचा. मी नववीत असताना मामांच्या निकालाची प्रत आली. त्यात 'इम्प्रिझनमेंट फॉर लाइफ' असं होतं. चौदाचा आकडा कुठेच नव्हता. सात तर नव्हताच. पुढे कॉलेजात एका वकीलबाईंचं व्याख्यान झालं, तेव्हा उलगडा झाला. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षांनंतर सरकार सोडू शकतं. सोडेलच असं नाही. मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आक्काला तूच सांग." मी "हो" म्हटलं. त्या "हो"लाही दोन वर्षं झाली. माझ्या हिशोबाने.

यंदा सात भरत आली. दर जयंतीला, चौदा एप्रिलला, आत्या मामांसाठी एक पांढरा सदरा घेऊन पेटीत ठेवायची. तापातून उठल्यावर तिने ते सगळे धुऊन वाळत घातले आणि मला म्हणाली, "चाल माह्यासंग जेलात मुलाकातीले. इंग्रजी शिकलेलं मानूस पायजे."

बसमध्ये मी खिडकीशी बसले. सांगायचं वाक्य मनात तयार केलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. तोंड उघडणार एवढ्यात आत्याच बोलली.

"सातात कोनी सुटत नाई, मले माईत हाय."

मी तिच्याकडे वळले.

"पयल्याच वर्षी वकिलाच्या मुन्शीनं सांगतलं."

"मग हे दिवस-रात्र?"

"तुह्या मामाचं हाय थे. जेलात गेल्यावर त्यायनं जेवन सोडलं होतं. कोन्या कैद्यानं हा हिसोब सांगतला, तवा जेवाले लागले. मी काऊन मोडू?" पदराने तिने खिडकीची धूळ पुसली. "तिथं तोंड अडखळू नाई म्हनून इथं रोज बोलत राह्यली. आता भरून राह्यले सात. माह्या तोंडून खरं नाई निंगत. तू सांग. कागद वाचलेल्या पोरीवर इस्वास ठेवतीन थे."

सात वर्षं आम्ही तिला हसलो होतो. मी तर जरा जास्तच, कारण मनातल्या मनात हसायला आवाज लागत नाही.

मुलाकातीच्या खोलीत दोन जाळ्या होत्या, मधे हातभर जागा. अलीकडे घरची माणसं, पलीकडे कैदी. तेलुगू, उर्दू, मराठी, सगळे एकदम ओरडत होते. मामा आले. केस पांढरे झाले होते. आत्याला पाहून हसले.

"पुढच्या महिन्यात भरते! माह्या चपला आनजो!"

आत्याने माझा दंड धरला.

मी बोलले. ते माझं मलाच ऐकू आलं नाही.

"काय म्हंते पोरगी?" मामांनी कानामागे हात धरला. त्यांच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं.

आत्याची बोटं दंडात रुतली. मी दोन्ही हातांनी जाळी धरली आणि जन्मात पहिल्यांदा ओरडले, "मामा, पुढच्या महिन्यात सुटका नाही! चौदा झाल्यावर सरकारकडे अर्ज करायचा, तो मी लिहीन! तोवर दर मुलाकातीला आत्यासोबत येईन! पण तुम्ही जेवण सोडायचं नाही!"