साडूची आयत्या वेळची प्रार्थना

या, जरा जवळ सरका! एक देवभक्त घड्याळजी भर उपासनेत आपल्या साडूची फजिती करायला निघाला, त्याची गोष्ट सांगतो.

हा घड्याळजी चर्चमधला वाचक. बावीस वर्षं दर रविवारी प्रार्थनापुस्तकातून वाचायचा. स्वल्पविरामालासुद्धा अदबीनं थांबायचा! मग मंडळीत त्याचा साडू आला. धंद्यानं बेकरीवाला. हातात पुस्तक नाही, कागद नाही. डोळे मिटायचा आणि सुरू! "पित्या, आम्ही कच्चं पीठ! तू मळ, तू भाज! आम्हांला फुगव, पण गर्वानं नको!" झालं, सगळ्यांचे रुमाल डोळ्यांना.

"भाऊजी कसे मनातून बोलतात, नाही?" बायको म्हणायची.

"आणि मी काय नाकातून बोलतो?"

"अहो, तुम्ही पुस्तकातून बोलता."

त्यात पाळकसाहेबांनी खडा टाकला. "वाचन आता बंदच करावं म्हणतो. तुमच्या साडूंना जास्त वेळ मिळेल." घड्याळजीच्या अंगाचा नुसता तिळपापड!

रविवारी त्यानं साडूची प्रार्थना घड्याळ लावून मोजली. तीन मिनिटं, दहा सेकंद. पुढच्या रविवारी? तीन मिनिटं, दहा सेकंद! तिसऱ्या रविवारी शब्द टिपले. तेच पीठ, तीच भट्टी, हुंदकासुद्धा त्याच जागी!

"सापडला!" घरी येऊन तो नाचलाच. "आयत्या वेळची म्हणे! हा तर पाठ करून येतो. आता प्रत्येक ओळ त्याच्या आधी मी मोठ्यानं म्हणतो. पितळ उघडं पाडतो बघ! देवालाही कळू दे!"

"देवाला ठाऊक असेल हो," बायको म्हणाली.

रविवार उजाडला. साडूनं डोळे मिटले. "पित्या..."

"आम्ही कच्चं पीठ!" घड्याळजी गरजला.

साडू दचकला. तेवढ्यात मागून शिक्षिकाबाई म्हणाल्या, "तू मळ!" डावीकडून पोस्टमन, "तू भाज!" वर्षभर ऐकून अख्ख्या मंडळीला पाठ झालेलं! ऑर्गनवाल्या मावशींनी सूर धरला. "गर्वानं नको"ला तर छप्पर हादरलं. घड्याळजी जितका जोरात ओरडे, तितके लोक जोरात मागून म्हणत. आणि हुंदक्याची जागा आली, तेव्हा हुंदका फुटला तो घड्याळजीलाच! काय करणार, प्रार्थना चांगलीच होती मेली.

आमेन होताच साडूनं त्याला कवटाळलं. "साडूभाऊ, उपकार झाले! उभं राहिलं की माझी बोबडी वळते. म्हणून तर तेच तेच म्हणतो. तुमच्यासारखं पुस्तक हाती धरावं असं किती वाटायचं! पण मला धड वाचता येत नाही हो."

तिकडे पाळकसाहेब डोळे पुसत आले. "वाचन बंद नाही! ही प्रार्थनाच छापून पुस्तकात चिकटवू. आणि दर रविवारी, घड्याळजी, तुम्हीच वाचायची!"

तेव्हापासून तो वाचतोय. दर रविवारी. साडूची प्रार्थना!

"छान वाचता हो," बायको म्हणते, "पण भाऊजींची सर नाही."

तर बाबांनो, पुस्तकातून करा की मनातून, प्रार्थनेला बसाल तेव्हा या घड्याळजीची आठवण ठेवा. साडूची नाही ठेवली तरी चालेल, असं त्यानं मला बजावून सांगितलंय!