रुखमाबाईंची परात

रुखमाबाईंच्या सूनबाई दुर्गाबाई, दुर्गाबाईंच्या सूनबाई आशाबाई आणि आशाबाईंच्या सूनबाई गुणाबाई. सावरटोल्याच्या या घराण्यात वंश पुरुषांच्या नावाने चालला असेल. परंतु भांडी, अधिकार आणि टोमणे सासूकडून सुनेकडेच आले. त्यांतला सर्वांत जुना टोमणा असा : "भांडं देतानी पाहून देजो, रुखमाबाईवानी नको करू."

रुखमाबाईंनी केले एवढेच होते, की मिशनच्या शाळेच्या पहिल्या नाताळाला पाद्रीसाहेबांकडे आपली काशाची परात करंज्यांनी भरून पाठवली. करंज्या संपल्या, परात राहिली. शाळेला घंटा नव्हती. कुणीतरी परातीवर मुसळ मारून पाहिले, आवाज उत्तम निघाला आणि काठाला भोक पाडून परात मोहाच्या झाडाला टांगली गेली. शाळेचे कॉलेज झाले तरी ती तिथेच वाजत होती. पोरांच्या विद्येची वस्तू मागायची कशी, म्हणून तिन्ही सासवा गप्प राहिल्या. मात्र आशाबाईंनी जाताना गुणाबाईंचा हात धरून सांगितले होते, "माही परात घरी आणजो."

गुणाबाईही गप्पच राहिल्या असत्या. पण नातसून दिव्यानीने एके सकाळी मोबाइलवर ऑनलाइन ज्ञानकोशातला कॉलेजवरचा लेख वाचून दाखवला : ‘महाविद्यालयाची ऐतिहासिक घंटा स्कॉटलंडहून जहाजाने आणण्यात आली.’

"जहाजानं?" गुणाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "आमच्या चुलीपासून गेली थे! मिटव ते. रुखमाबाईचं नाव लिही."

दिव्यानीने लिहिले. चहाला उकळी येण्याआधीच ‘मेंढपाळ’ या टोपणनावाच्या संपादकाने ते उडवले. शेरा होता : ‘संदर्भ द्या.’

"मी बसली हावो न इथी! मीच संदर्भ!"

"आजी, जित्या माणसाचा नाई चालत. छापील लागते."

"म्हणजे मी मरून पेपरात येऊ का?"

गुणाबाईंनी प्रथम गावातल्या लच्छू मेंढपाळाला बोलावून फैलावर घेतले. तो बिचारा आपला बटणांचा फोन दाखवत शपथा घेऊ लागला. मग त्यांनी बचत गटाच्या झाडून सर्व बायांना खाती उघडायला लावून तेच वाक्य पुनःपुन्हा लिहवले. सायंकाळी लेखाला कुलूप लागले. कारण दिले होते : एकाच व्यक्तीने अनेक नावे घेऊन धुमाकूळ घातला आहे.

"मी एकटी एवढ्या बाया झाली?" गुणाबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात संताप होता आणि थोडा अभिमानही.

दुसऱ्या दिवशी त्या चिंच आणि राख घेऊन थेट कॉलेजात गेल्या. प्राचार्य इम्मानुएल सोरते अदबीने उठले.

"बसा बाई. तो मेंढपाळ मीच आहे. आमचे आजोबा जहाजाची गोष्ट प्रार्थनेत सांगत. प्रार्थनेत कोण खोटं बोलते?"

"खाली उतरवा थे."

घंटा उतरली. गुणाबाईंनी पदर खोचून ती घासायला घेतली. वर्गांच्या खिडक्या भरल्या. तास संपल्याचे वाजवणार कशावर, म्हणून कुणाचा तास संपेना. शेवटी परातीच्या पाठीवर अक्षरे चमकली : ‘सौ. रुखमा पत्रू, सावरटोला.’

प्राचार्यांनी चष्मा पुसला. "नाव तर आहे, बाई. पण छापील असतं तर..."

"कोरलेलं हाय! छापलेल्या कागदात भजे बांधते लोक. कोरलेल्यात कोणी बांधते का?"

परात डोक्यावर घेऊन त्या फाटकापर्यंत गेल्या आणि थबकल्या. परत येऊन त्यांनी ती प्राचार्यांच्या हातात ठेवली.

"रिकामी नेऊ? भरून आलेलं भांडं कोणी रिकामं धाडते काय? भरून गेली होती, भरूनच येईन."

"कशानं भरू?"

"जे खाल्लं, त्यानंच."

नाताळच्या सकाळी इतिहासाच्या प्राध्यापकांच्या मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर झाकलेली परात सांभाळत प्राचार्य आले. परातीत करंज्यांची रास होती.

"नाव लिहिलं का?" गुणाबाईंनी विचारले.

"कुलूप निघाल्याबरोबर मीच लिहिलं, बाई. पण कोण्या ‘रानपाखरू’नं उडवलं. म्हणते, संदर्भ द्या!"

"आता समजलं?"

प्राचार्य घुटमळले. "कॉलेजात विजेची घंटा लावली. लाइन गेली का या सरांचा तास संपतच नाई. पोरं रडकुंडीस आली. परात पुन्हा मिळन काय?"

"उद्या मागाले या. देईन. पण पेपरवाला संगं आणजा. रुखमाबाईची परात गुणाबाईनं देली, असं छापून आलं पाहिजे." त्या दिव्यानीकडे वळल्या. "संदर्भ लागते न वं?"

पाहुणे गेल्यावर गुणाबाईंनी परात उचलून आशाबाईंच्या फोटोखाली ठेवली. काठावरच्या भोकावरून बोट फिरवले, वरची एक करंजी चाखून पाहिली आणि पदर नीट करून म्हणाल्या, "सासूबाई, परात आली. पाहून घ्या."