कोरियातून आलेल्या शून्य हरकती

नळदुर्गच्या राजेश्वरीने कोरियन माणसांविषयी लिहिलेल्या चाळीस प्रकरणांवर कोरियातून एकही हरकत आली नाही. नळदुर्गविषयी लिहिलेल्या एकमेव प्रकरणावर मात्र एक आली, आणि ती शेजारच्या भिंतीवरून आली.

परक्या संस्कृतीचा आदर ही मोजता येणारी राशी आहे, असे राजेश्वरीचे मत होते. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असे आणि फावल्या वेळात एका कोरियन मालिकेतल्या डॉक्टरवर मोबाइलवर फॅन फिक्शन लिहीत असे. म्हणजे माणसे दुसऱ्याची, पुढची कथा आपली. (यात गैर काही नाही. सासरही असेच मिळते.)

पद्धत कडक होती. डॉक्टरने ज्येष्ठांपुढे किती वाकावे हे ठरवण्यासाठी नवरा रणधीर याला उभे केले जाई आणि त्याच्या कमरेला कोनमापक लावला जाई.

"आणखी पंधरा अंश."

"अगं, कंबर हाय का बिजागरी?"

भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचू नयेत, हा कोरियन नियम घरातही लागू झाला. घरात काड्या नव्हत्या. त्यामुळे पालन शंभर टक्के झाले.

तिची पहिली वाचक शेजारच्या शिवम्माकाकू. राजेश्वरीची आई लवकर गेली होती. ती उणीव भिंतीपलीकडून, शेंगाचटणी आणि बोलणी यांच्या नियमित पुरवठ्याने भरून निघे. काकूंचे यजमान शिवलिंगप्पा, किराणा दुकानदार, गेल्या साली वारले. त्यांच्या आठवणीसाठी राजेश्वरीने डॉक्टरला नळदुर्गला आणले, वीरप्पा नावाच्या लिंगायत व्यापाऱ्याकडे उतरवले आणि वीरप्पाला शांत मरण दिले. चिता पेटली. डॉक्टरने चितेसमोर कोरियन रीतीने दोन लोटांगणे घातली. (जिवंताला एक, मृताला दोन, तीन ठिकाणी पडताळलेले.) वाचक रडले.

काकूंची चटणी बंद झाली. बोलणीही बंद झाली, आणि राजेश्वरीला घास जाईना. अखेर ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"काकू, काय चुकलं माझं?"

"माझ्या मालकाला जाळलंस की गं, राजे!"

"काकू, ते वीरप्पा हायेत. कथेतले."

"असंना का! गळ्यात लिंग हाय न्हवं त्येंच्या? आमच्यात जाळत न्हाईत. बसवून, हातात लिंग देऊन माती देत्यात. त्या परक्या पोराचं लोटांगण मोजून घातलंस, आन् माझं मानूस सरपणावर ठिवलंस?"

राजेश्वरी घरात आली. "अहो, तुम्ही गेला होतात ना शिवलिंगप्पाकाकांच्या मातीला?"

"खांदा दिला की."

"मग मला सांगितलं का न्हाय?"

"तू वाक म्हणालीस, वाकलो. विचारलं कुठं?"

प्रकरण नव्याने लिहिले गेले. काकू शेजारी बसून एकेक ओळ तपासू लागल्या. त्यांनी विधीसाठी जंगम बोलावला, कपाळी भस्म लावले, वीरप्पाच्या तोंडी आधी घातलेल्या गंगाजलाला रजा दिली. डॉक्टरची लोटांगणे मात्र राहू दिली.

"घालू दे. पोरगं गुणाचं हाय. पर लई वाळलंय; जेवू घाल त्याला आधी."

पुरवठा पूर्ववत झाला. राजेश्वरीचे समाधान होईना. तीच लेखिका, तीच काळजी. मग चाळीस प्रकरणे निर्दोष आणि घराजवळचे तेवढे सदोष, हा निष्कर्ष तिच्या शास्त्राला संशयास्पद वाटला. तिने वाचकांची ठिकाणे उघडून पाहिली: उमरगा, तुळजापूर, सोलापूर, ईट, येडशी, पुणे. दुबईत एक. कोरियात कोणीही नाही.

कारण सापडले. चाळीस प्रकरणांवर हरकत आली नाही, कारण ज्यांच्याविषयी ती लिहिली होती त्यांनी ती वाचलीच नव्हती. एकावर आली, कारण काकूंनी वाचले. प्रस्तुत वाचकाने परक्यांना दाखवलेल्या आदराविषयीही आजवर कोणाची तक्रार आलेली नसेल, तर त्याचेही कारण बहुधा हेच आहे.