सहाशे मीटरपर्यंत सुरक्षित

वेळ कळावी म्हणून माणसाला घड्याळ लागतं, हा एक जुना आणि आता बराचसा मागे पडलेला समज आहे. वेळ हल्ली फोनवर असते, भिंतीवर असते, मायक्रोवेव्हवरही असते. घड्याळ लागतं ते वेगळ्याच कारणासाठी. उद्या अचानक समुद्राच्या तळाशी जायची पाळी आली तर आपली तयारी असावी, यासाठी.

आमच्या कार्यालयात ही तयारी पूर्ण आहे. कार्यालय चौथ्या मजल्यावर आहे, इमारत टेकाडावर आहे आणि काम बांधकामांचे नकाशे तपासून परत पाठवण्याचं आहे. (मंजुरीचं काम पाचव्या मजल्यावर चालतं. तिथूनही ते परतच पाठवतात.) तरीही विभागातल्या बहुतेकांच्या मनगटावर खोल समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्या माणसांसाठी बनवलेली घड्याळं आहेत, आणि त्यांचं रीतसर 'खोलपाणी मंडळ' आहे. मंडळाच्या पाहणीनुसार सभासदांच्या घड्याळांची खोली एकत्र केली तर साडेतीन हजार मीटर भरते. सभासद स्वतः आजवर जास्तीत जास्त गुडघाभर खोल गेले आहेत, तेही तळघरात गटाराचं पाणी शिरलं तेव्हा, फायली वाचवायला. (घड्याळं त्या वेळी वरच्या कपाटात सुरक्षित ठेवली होती.)

मंडळाचे संस्थापक आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, आणि माझ्या शेजारच्याच टेबलावर बसणारे. त्यांचं घड्याळ सहाशे मीटरचं आहे, माझं दोनशेचं. दोनशेवाल्याने सहाशेवाल्याच्या आधी लिफ्टमध्ये शिरू नये असा काही नियम नाही, पण मी शिरत नाही.

साडूंच्या घड्याळाबद्दल बोलावं तेवढं थोडं. ते इतकं जाड आहे की त्यांना डाव्या बाहीचं बटण लावता येत नाही. त्याची काच दगडाने घासली तरी ओरखडा उठत नाही. त्याच्या अंगाला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप आहे. जी माणसं कामासाठी समुद्राखाली दाबाच्या खोलीत मुक्काम करतात, त्यांच्या घड्याळात हा वायू शिरतो आणि वर येताना तो सुटला नाही तर काच उडते. आमच्या विभागात हेलियम एकदाच आला होता, साहेबांच्या निरोप समारंभाच्या फुग्यांतून. त्या दिवशी सगळ्यांत साडूच काय ते निर्धास्त होते.

घड्याळाला एक फिरती कडीही आहे. पाण्याखाली गेल्यापासून किती वेळ झाला आणि आता किती हवा उरली, हे पाणबुडे तिच्यावरून मोजतात. मंडळाने तिला जमिनीवरचे उपयोग शोधून दिले: चहा किती वेळ उकळला, सासूबाईंचा फोन किती वेळ चालला वगैरे. आढावा बैठकीत कडी लावून बसलं तर खोलीतली हवा कधी संपणार हे तंतोतंत कळतं.

अशी वस्तू जपावी लागते. साडू हात धुताना घड्याळ काढतात. आंघोळीला जाताना ते टॉवेलात गुंडाळून बाहेर ठेवतात. पावसाचा थेंब पडला की घड्याळ खिशात जातं. एका नवख्या सभासदाने विचारलं, "हे सहाशे मीटर पाण्यात चालतं ना?" साडूंनी त्याला शांतपणे समजावलं, "अहो, समुद्राचं पाणी वेगळं, नळाचं वेगळं. नळाचं पाणी अचानक येतं."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना साडूंच्या मुलीला पोहायला घालायचं ठरलं.

मुलगी लहान आहे, पहिलीत जाते, आणि पाण्याला भयंकर घाबरते. डोक्यावरून पाणी घेतानासुद्धा घर डोक्यावर घेते. तलावावरच्या शिकवणाऱ्या बाईंचा नियम असा, की पहिल्या दिवशी घाबरणाऱ्या मुलासोबत आई किंवा वडिलांपैकी एकाने पाण्यात उभं राहायचं. मुलीने कोण येणार ते आधीच ठरवून टाकलं होतं. "बाबाच. बाबाचं घड्याळ सहाशे मीटर जातं," ती मला म्हणाली, "म्हणजे काका, बाबाला पाणी सगळं माहीत असणार ना?" मी होय म्हणालो. साडूंनी तिला शब्द दिला.

मग मंडळाची तातडीची सभा झाली. तलावाचं लहान मुलांकडचं टोक तीन फूट खोल. घड्याळाची क्षमता त्याच्या साडेसहाशे पट. वरवर पाहता काळजीचं कारण नव्हतं. पण मंडळ वरवर पाहत नाही. तलावाच्या पाण्यात औषध असतं. आतला रबरी वॉशर तपासून वर्ष होऊन गेलं होतं. सबब घड्याळ ओलं करू नये, असं ठरलं. मग ते काढून जावं का? तलावावरच्या कपाटांना धड कुलपं नाहीत, तेव्हा अशी वस्तू तिथे काढून ठेवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा. सबब घड्याळ काढूही नये. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. साडूंच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला!

रविवारी सकाळी मी मंडळाचा निरीक्षक म्हणून तलावावर गेलो. साडू नवी चड्डी घालून, खांद्यावर टॉवेल टाकून काठावर उभे होते. हातात घड्याळ होतंच. मुलगी पहिल्या पायरीवर, घोटाभर पाण्यात. एका हाताने तिने लोखंडी कठडा घट्ट धरला होता आणि दुसरा हात मागे करून बोटं हलवत होती.

"बाबा, ये ना."

"आलो हं राणी. हे जरा..."

"अहो, ते घड्याळ भाऊजींकडे द्या की," मेहुणी म्हणाली.

मंडळाच्या सभेत ही शक्यता कुणालाच सुचली नव्हती. मी हात पुढे केला. साडूंनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. तीन फूट पाणी त्यांच्या कमरेपर्यंतसुद्धा आलं नसतं. ते काठापासून एक पाऊल मागे सरले. (काठ निसरडा होता.)

"यांच्याकडे नको," ते म्हणाले. "यांचं दोनशेचं. सहाशेचं हाताळायची यांना सवय नाही."

मुद्दा तांत्रिक होता. मी हात मागे घेतला.

"बाबा! बाबा, ये ना रे!" पोरीचा आवाज आता रडवेला झाला होता. बाई खोळंबल्या होत्या. तेवढ्यात मेहुणीने चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती पाण्यात उतरली. (कपड्यांबद्दलचा नियम बाईंनी त्या दिवशी पाहिला नाही.) मेहुणीलाही पोहता येत नाही. तिच्याकडे घड्याळसुद्धा नाही. तिने पोरीला कडेवर घेतलं, मग हळूहळू खाली सोडलं, आणि थोड्या वेळाने पोरीने डोळे गच्च मिटून तोंड पाण्यात घातलं.

साडूंनी ताबडतोब कडी फिरवली.

"नऊ सेकंद!" ते ओरडले. "नऊ सेकंद आत राहिली!"

मुलीने वर येऊन आधी आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. नंतर परत तोंड पाण्यात घातलं.

घड्याळाचा पाण्याशी संबंधित असा हा पहिलाच उपयोग असल्याने मंडळाने साडूंचा सत्कार केला. मुलगी आता चांगली पोहते. परवा साडू चहाच्या वेळी म्हणाले, "काल ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली म्हणे."

"म्हणे? तुम्ही नव्हतात?"

"मी बाहेर गाडीत होतो. ती म्हणाली, बाबा, तू बाहेरच थांब. पण ती आत गेल्यापासूनची वेळ आहे माझ्याकडे." त्यांनी मनगट पुढे केलं आणि बराच वेळ स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. मला एकदम फार वाईट वाटलं. शेवटी मी त्यांना सांगितलं, की आता बाराशे मीटरचं आलंय. तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं.

हे वाचून आपणांस हसू आलं असेल, तर मंडळाची हरकत नाही. आमच्या अंदाजाने आपणही या क्षणी कोरड्याच जागी बसलेले आहात. मघापासून आतल्या खोलीतून कुणी हाक मारत असेल, तर "आलो हं" म्हणावं आणि निवांत बसावं. उठायची घाई नको. हाका काही दिवसांनी आपोआप थांबतात.